विरोधक एकत्र येतात तेव्हा: द्रोणागिरीच्या इतिहासातून ‘सर्वपक्षीय’ हा शब्द वाचताना



पीएच.डी.साठी विषय शोधणारे विद्यार्थी राजकारणाकडे वळले की बहुतेक वेळा संघर्ष निवडतात. कोण कोणाविरुद्ध लढलं, कोण फुटलं, कोणी कोणाला पाडलं. हे विषय चांगलेच आहेत. पण आज मी तुम्हाला उलट बाजूनं विचार करायला सांगणार आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एखाद्या मागणीसाठी एका व्यासपीठावर येतात, ते नेमकं कशाच्या आधारावर? आणि ती एकजूट झाली की तिच्या बाहेर कोण राहतं?

हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण तो सहसा विचारला जात नाही. ‘सर्वपक्षीय’ हा शब्द ऐकला की आपण ‘सगळे’ असं समजून मोकळे होतो. सर्व पक्ष आले म्हणजे सर्व लोक आले, असं होत नाही. हे समजून घ्यायला उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

आधी जागा ओळखून घेऊ

द्रोणागिरी हे मूळचं उरणजवळच्या डोंगराचं आणि त्यावरच्या किल्ल्याचं नाव. सिडकोनं नवी मुंबईसाठी जे चौदा नोड आखले, त्यांतल्या एकाला हे नाव मिळालं. आज तिथे सेक्टर आहेत, कंटेनर यार्ड आहेत आणि जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल धावते. पण या सेक्टरांच्या खाली आणि आजूबाजूला बोकडवीरा, फुंडे, नवघर, पागोटे, भेंडखळ अशी आगरी-कोळी वस्तीची जुनी गावं आहेत. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी हे इथलं पूर्वीचं जगणं.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मुंबईची गर्दी पलीकडच्या किनाऱ्यावर वळवायची, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली होती. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं नव्या शहराच्या क्षेत्रात आली. पुढे न्हावा-शेवा बंदर आलं, ते १९८९ मध्ये सुरू झालं. म्हणजे उरणच्या माणसाची जमीन एकाच पिढीत शहर आणि बंदर अशा दोन्ही कामांसाठी गेली.

संशोधक म्हणून इथे एक गोष्ट टिपून ठेवा. जमीन संपादन करताना सरकार कागद बघतं, आणि तो कागद म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर नाव असेल तर तुम्ही ‘खातेदार’, नसेल तर सरकारच्या नजरेत तुमचं काही गेलेलंच नाही. पुढची सगळी गोष्ट या एका कागदाभोवती फिरते.

मागची परंपरा: संयुक्त महाराष्ट्र समिती

विरोधकांची एकजूट या पट्ट्याला नवीन नव्हती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कोण कोण होतं ते बघा: प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, शिवाय हिंदुत्ववादी पक्षही. यांची आपसातली भांडणं साधी नव्हती. १९४२ च्या चले जाव आंदोलनात समाजवादी भूमिगत होऊन लढत होते आणि कम्युनिस्ट त्या आंदोलनाच्या विरोधात उभे होते. चौदा वर्षांपूर्वीची ही जखम दोन्हीकडे ताजी होती. तरीही एस. एम. जोशी आणि कॉ. डांगे एका समितीत बसले. आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे त्याच चळवळीत होते. प्रबोधनकारांचा जन्म पनवेलचा, हेही लक्षात ठेवा. पुढे आपल्याला पुन्हा ठाकरे हे नाव भेटणार आहे.

१९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका दिला. त्याच निवडणुकीत पनवेलमधून शेकापचा एक तरुण वकील निवडून आला. उरण तालुक्यातल्या जासईचे दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दि. बा. पाटील. या माणसाची विधिमंडळातली सुरुवातच विरोधकांच्या एकजुटीच्या लाटेत झाली.

ही एकजूट टिकली कशी? मागणी नकाशावर दाखवता येत होती: मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य. त्या राज्यात जमीन कोणाची असावी, कारखाने कोणाचे असावेत, धर्माचं स्थान काय, यावर घटक पक्षांचं एकमत होण्याची गरजच नव्हती. प्रत्येकाला आपलं वेगळेपण खिशात ठेवून मोर्च्यात चालता येत होतं.

आणि ती संपली कशी? १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीला बांधणारा दोरा सुटला. प्रजा समाजवादी बाहेर पडले, एकेक पक्ष आपल्या वाटेनं गेला. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. दुसरीकडे बेळगाव, कारवारची मराठी माणसं नकाशाच्या बाहेरच राहिली. तिथली एकीकरण समिती आजही तीच मागणी करते आहे. म्हणजे ज्या मापानं सगळ्यांना एकत्र आणलं, ते माप जिथे थांबलं तिथे एकजूटही थांबली. आत आलेल्यांचा प्रश्न सुटला आणि बाहेर राहिलेल्यांच्या वाट्याला त्यांची स्वतःची छोटी समिती आली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इटलीत सप्टेंबर १९४३ मध्ये फॅसिझम आणि जर्मन फौजांविरुद्ध राष्ट्रीय मुक्ती समिती बनली. कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी सगळे तिच्यात होते. युद्ध संपलं, शत्रू गेला आणि मे १९४७ मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी यांनी कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांना सरकारबाहेर ठेवलं. पण मधल्या काळात या सगळ्यांनी मिळून लिहायला घेतलेली राज्यघटना फुटीनंतरही पूर्ण झाली आणि १ जानेवारी १९४८ पासून लागू झाली. एकजूट गेली तरी तिनं लिहिलेला कागद मागे राहिला. उरणमध्ये असा कागद कोणता राहिला, ते आता बघू.

जानेवारी १९८४

सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्धचा संघर्ष सत्तरच्या दशकभर चालू होता. मोबदला फारच कमी आहे, आणि गेलेल्या जमिनीवर उद्या जे शहर उभं राहील त्यात आपला वाटा कुठे आहे, हे शेतकऱ्यांचे मुख्य प्रश्न होते. यातला दुसरा प्रश्न त्या काळाच्या मानानं फार पुढचा होता. जमीन घेणारा आणि देणारा एवढाच व्यवहार न ठेवता शेतकऱ्याला शहराचा भागीदार करा, असं तो सांगत होता.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. राज्यात तेव्हा वसंतदादा पाटील यांचं काँग्रेस सरकार होतं आणि आंदोलनाचं नेतृत्व शेकापच्या दि. बां.कडे होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसनं महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. उरलेल्या पाचांतली एक कुलाब्याची. तिथे दि. बा. निवडून आले. देशभर लाट असताना हा मतदारसंघ वेगळा वागला, याचा अर्थ एरवी शेकापला मत न देणाऱ्या बऱ्याच घरांनीही त्या वेळी त्यांना मत दिलं असणार. ही माझी मांडणी आहे. ती तपासायची तर विधानसभेच्या निकालांशी आकडे जुळवून, गावनिहाय बघायला हवं. कोणाला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या.

साडेबारा टक्के: मापाची ताकद

या लढ्यातून जे बाहेर आलं ते म्हणजे साडेबारा टक्के योजना. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकं क्षेत्र विकसित भूखंड म्हणून शेतकऱ्याला परत द्यायचं. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी तिला आकार आला. प्रत्यक्षात पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, आणि हातात पावणेनऊ टक्के येतात. उरण-पनवेलमध्ये हे गणित शाळकरी मुलालाही पाठ असतं.

आता राजकारण बघा. मागणी केली शेकापच्या नेतृत्वाखाली. निर्णय झाले काँग्रेसच्या काळात. १९९५ मध्ये शिवसेना-भाजपचं सरकार आलं, पुढे पुन्हा काँग्रेस-राष्ट्रवादी, पुन्हा भाजप-शिवसेना. सूत्र कोणीच मोडलं नाही. न्हावा-शेवा बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते दिली गेली. आणि विमानतळासाठी दहा गावं उठवताना २०१३-१४ मध्ये हाच आकडा वाढवून साडेबावीस टक्के करण्यात आला. इटलीत घटना मागे राहिली, इथे एक टक्केवारी मागे राहिली.

एवढे पक्ष एका आकड्यावर कसे काय टिकले? मला तीन कारणं दिसतात. एक, टक्केवारी मोजता येते, त्यामुळे ‘मिळालं की नाही’ यावर वाद उरत नाही. दोन, तिला कोणत्याही विचारसरणीचा रंग नाही. डाव्यांना ती शेतकऱ्याचा हक्क वाटते, उजव्यांना मालमत्तेचं रक्षण वाटते, आणि दोघेही तीच मागणी लिहून देतात. तीन, श्रेय वाटून घेता येतं. मागणारा, निर्णय घेणारा, वाटप करणारा असे वेगवेगळे लोक असतात आणि प्रत्येकाच्या कार्यअहवालात एक ओळ येते.

म्हणजे विरोधकांच्या सहकार्यासाठी विचार जुळावे लागतात, हा आपला समज तपासायला हवा. बऱ्याचदा फक्त माप जुळलं तरी पुरतं.

सत्तेसाठीच्या आघाडीपेक्षा हे वेगळं आहे. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुलोदचं सरकार आलं. त्यात जनता पक्षातला जुना जनसंघ होता आणि शेकापही होता. तिथे खाती वाटायची होती, रोज निर्णय घ्यायचे होते. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. कृती समितीला खाती नसतात. म्हणून ती टिकायला सोपी आणि सोडून जायलाही सोपी. प्रबंध लिहिताना या दोन प्रकारांची सरमिसळ करू नका.

मापात न बसलेले

आता तो दुसरा प्रश्न. साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. जमीन कोणाची? सातबाऱ्यावर नाव असलेल्याची. मग दुसऱ्याच्या शेतात राबणारा, मिठागरात फावडं घेऊन उभा राहणारा, खाडीत जाळं टाकणारा यांचे साडेबारा टक्के कशाचे काढायचे? शून्याचे कितीही टक्के काढले तरी उत्तर शून्यच.

इथे कोळ्यांचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. खाडीला सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात मासेमारी केली त्या पाण्यात भराव पडला, बंदराचा विस्तार झाला, भरतीच्या वाटा बुजल्या, पण कागदावर कोणाचं काही ‘संपादित’ झालं नाही. त्यामुळे शेतकऱ्यांच्या एकजुटीनं मिळवलेलं सूत्र त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी स्वतःची बचाव कृती समिती उभी केली आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ ला लवादाच्या पुणे खंडपीठानं १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रतिवादींमध्ये जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी होते.

दोन्ही लढ्यांची तुलना करा. शेतकऱ्यांची मागणी रस्त्यावर, विधानसभेत, लोकसभेत गेली, कारण प्रत्येक पक्षाच्या मतदारांत खातेदार होते. मच्छीमारांना लवादासमोर जाऊन ‘आमचंही काही होतं’ हे आधी सिद्ध करावं लागलं. नुकसान किती, कुटुंबं किती, मासे कोणते, ही मोजणीच तिथे लढ्याचा मुख्य भाग झाली. माप आधीपासून तयार होतं तिथे पक्ष आले, आणि माप नव्हतं तिथे ते आधी तयार करावं लागलं.

घराघरातही हेच होतं. मोबदला आणि भूखंड कोणाच्या नावावर आले, बहिणीचं नाव फेरफारात होतं की हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली, हे तलाठी कार्यालयातले जुने फेरफार बघितल्याशिवाय कळणार नाही. आंदोलनाच्या फोटोंत बायका पुढे दिसतात. भूखंडाच्या यादीत त्या किती आहेत? हा प्रश्न घेऊन कागद उघडा.

विमानतळाचं नाव

ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव द्यावं असा प्रस्ताव महाविकास आघाडीच्या काळात पुढे आला आणि २०२१ मध्ये सिडकोच्या संचालक मंडळानं तसा ठराव केला. नगरविकास खातं तेव्हा एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं. स्थानिकांची मागणी दि. बां.च्या नावाची होती. सर्वपक्षीय कृती समिती बनली. भाजपपासून शेकापपर्यंतचे स्थानिक पुढारी, राज्यात सत्तेत असलेल्या काँग्रेसचे इथले कार्यकर्तेही तिच्यात होते. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घालण्यासाठी प्रचंड गर्दी उतरली.

मग २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे सरकारनं आपल्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दि. बां.चं नाव मंजूर केलं. १६ जुलैला, मुख्यमंत्री झालेल्या शिंदे यांच्या मंत्रिमंडळानं तोच निर्णय नव्यानं घेतला. ऑगस्टमध्ये विधिमंडळात ठराव झाला. एकमेकांना उखडून टाकणाऱ्या दोन सरकारांचं, महिन्याभराच्या आत, एका नावावर एकमत झालं.

यात पक्षांच्या सीमा किती हलत्या असतात तेही दिसतं. स्वतः दि. बा. आयुष्याच्या उत्तरार्धात शेकाप सोडून शिवसेनेत गेले होते. नामकरणाच्या लढ्यात पुढे असलेले रामशेठ ठाकूर शेकापचे खासदार होते, मग काँग्रेसमध्ये गेले, मग भाजपमध्ये. म्हणून ‘अमुक पक्ष तमुक पक्षाबरोबर आला’ असं लिहिताना थोडं थांबा. अनेकदा माणसं आधीपासूनच एकमेकांची नातलग, शेजारी किंवा जुने सहकारी असतात. फक्त झेंडे बदललेले असतात.

नावाची मागणी हलकी होती असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या गावांची नावं सेक्टरच्या आकड्यांत गेली, त्यांच्यासाठी आपल्या माणसाचं नाव त्या जागेवर असणं ही मोठी गोष्ट आहे. पण साडेबारा टक्के देताना सरकारला जमीन सोडावी लागली, नाव देताना तिजोरीतून काही जात नाही. म्हणून नावावर एकमत झपाट्यानं होतं, आणि गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांसारखे प्रश्न एका निवडणुकीतून दुसऱ्या निवडणुकीत जात राहतात. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्‌घाटन झालं. उठवलेल्या दहा गावांचा पुढचा इतिहास आता लिहायचा आहे.

तुमच्या संशोधनासाठी

‘सर्वपक्षीय’ हा शब्द एखाद्या पत्रकात, बातमीत किंवा ठरावात सापडला की हे चार प्रश्न विचारा.

पहिला: मागणीचं माप काय? नकाशा, टक्केवारी, रक्कम, नाव? माप जितकं स्पष्ट तितकी एकजूट सोपी.

दुसरा: मागणी कोणाकडे आहे? सिडकोसारखं निवडून न येणारं महामंडळ समोर असेल तर सत्ताधारी पक्षाचा स्थानिक कार्यकर्ताही मोर्च्यात येऊ शकतो. आपल्याच सरकारविरुद्ध बोलल्याचा ठपका टळतो.

तिसरा: पत्रकावर सह्या कोणाच्या आहेत, आणि पुढच्या पत्रकात कोणाच्या गळल्या? तारखांनुसार दोन्ही याद्या शेजारी ठेवा. फूट कधी पडली ते भाषणांच्या आधी या सह्यांत दिसतं.

चौथा: या मापात कोण बसत नाही? त्या लोकांची वेगळी संघटना, वेगळा खटला, वेगळा मोर्चा सापडतो का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं विधानसभेच्या कार्यवाहीत, शासन निर्णयांत, स्थानिक साप्ताहिकांत आणि पक्षकार्यालयांच्या जुन्या फायलींत मिळतील. चौथ्याचं तिथे मिळणार नाही, कारण हे सगळे कागद मापात बसलेल्यांनीच तयार केलेत. त्यासाठी लवादाचे निकाल, फेरफार नोंदी आणि मुलाखती लागतील. मुलाखत घेताना ‘तुम्ही आंदोलनात होता का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘तुम्हाला काय मिळालं?’ हेही विचारा.

१६ जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन होतं. सगळ्या पक्षांचे नेते येतात. क्षेत्रकार्य करणार असाल तर त्या दिवशी जरूर जा, व्यासपीठावर कोण कोण आहे ते लिहून घ्या. मग दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात जा.